जुन्या कॉम्प्युटरवर शैक्षणिक सीडी लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आधी घरोघरी माळे झाडले जातात आणि आठ-दहा दिवसांत माझ्याकडे सीड्यांची पाकिटं यायला लागतात. आठवीचं विज्ञान, इंग्रजी बोलायला शिका, भूगोलाचे नकाशे, बालगीतं, विश्वकोश. सोबत एक पिवळट पडलेलं कॅबिनेट. "फेकवत नाही हो, पोरगी याच्यावरच शिकली," असं म्हणून आणलेलं. मी सोलापुरात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. लोक जे प्रश्न विचारतात ते इथे त्यांच्याच शब्दांत घेतलेत, आणि उत्तरंही दुकानात देतो तशीच आहेत. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे: मशीन सीडीच्या काळात न्या, सीडीला आपल्या काळात ओढायला जाऊ नका.

कॉम्प्युटर दहा-बारा वर्षं बंद आहे. सरळ चालू करू का?

नको. आधी मागे बघा. पॉवर सप्लायवर एक छोटी लाल पट्टी असते, ११५ आणि २३० अशी. आपल्याकडे ती २३० वरच हवी. लहान पोरं ती सरकवतात आणि मग बटण दाबल्यावर फटाका वाजतो.

मग बाजूचा पत्रा काढा. शहराच्या पूर्व भागातली, म्हणजे मागवाल्यांच्या वस्तीतली मशीन उघडली की मला आधीच माहीत असतं आत काय निघणार. घरात किंवा शेजारी माग असला की कापसाचे बारीक तंतू पंख्यात ओढले जातात आणि प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता काढणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, त्यांचा गादीसारखा थर बसतो. मागे एकदा तो थर मी चिमट्याने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, चौकोनी, पंख्याच्या मापाचा. खाली हीटसिंक अगदी नवा कोरा. हा थर काढल्याशिवाय मशीन चालू केलं तर पाच-दहा मिनिटांत तापून बंद पडतं आणि लोक विंडोजला दोष देतात.

साफ करायला मऊ ब्रश आणि ब्लोअर पुरे. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघा, म्हणजे उभे छोटे डबे. त्यांची टोपी सपाट हवी. फुगलेली किंवा वरून तपकिरी चिकट काही आलेलं असेल तर तिथेच थांबा आणि ते बदलून घ्या. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर शाळेचं साधं खोडरबर फिरवा. "डिस्प्ले येत नाही" म्हणून आलेली कितीतरी मशीन मी पाच रुपयांच्या खोडरबराने चालू केली आहेत.

चालू केल्यावर तारीख चुकीची दाखवतो आणि एफ१ दाबा म्हणतो.

मदरबोर्डवरचा सेल संपला. सीआर२०३२, तीन व्होल्ट, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. बदला आणि तारीख लावा. तारीख चुकीची असली तर काही सीड्यांची नोंदणी बिघडते, म्हणून हे आधी.

सीडी कोणत्या विंडोजसाठी आहे ते कसं कळणार?

पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचायची सवय आपल्याला नाही, औषधाच्या पाकिटासारखंच. तिथे प्रोसेसर, रॅम, रंग आणि सीडी ड्राइव्हचा वेग दिलेला असतो आणि त्यावरून सीडीचं वय कळतं. ४८६ प्रोसेसर, ४ एमबी रॅम आणि दुप्पट वेगाचा ड्राइव्ह मागत असेल तर ती १९९३ च्या दुसऱ्या मल्टिमीडिया पीसी मानकाच्या आसपासची. ७५ मेगाहर्ट्झचा पेंटियम, ८ एमबी रॅम आणि चौपट वेग म्हणजे १९९६ चं तिसरं मानक. त्या काळात दुकानदार 'मल्टिमीडिया पीसी' हे शब्द असे उच्चारायचे की जणू फॉरेनची गाडीच विकतायत. खरं तर त्याचा अर्थ इतकाच, की साउंड कार्ड, स्पीकर आणि सीडी ड्राइव्ह बसवलेला आहे.

पाकीट हरवलं असेल तर सीडी एक्सप्लोररमध्ये उघडा आणि सेटअप फाइलची तारीख बघा. १९९७ च्या आधीची असेल तर विंडोज ९८ सेकंड एडिशन तिला सगळ्यात चांगलं मानवतं. १९९८ ते २००५ मधली असेल तर विंडोज एक्सपी घ्या, ३२ बिटचं. ६४ बिटच्या कोणत्याही विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम चालत नाही. आणि घोळ असा की मुख्य प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी त्या काळातले बरेचसे सेटअप १६ बिटचेच होते. म्हणजे घर ठीक आहे पण दाराचं कुलूप उघडत नाही.

मग सीडी घालू का आता?

अजून नाही. आधी ती हातात घेऊन ट्यूबलाइटसमोर धरा.

बहुतेकांना वाटतं खालची चकचकीत बाजू नाजूक. उलट आहे. खालून १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट आहे आणि माहितीचा थर वर, छापलेल्या चित्राच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आड असतो. खालचा ओरखडा बहुतेक वेळा ड्राइव्ह सांभाळून घेतो. वरच्या बाजूने बॉलपेनने नाव लिहिलेलं असेल तर तो थरच गेला. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर टाचणीने टोचल्यासारखे प्रकाशाचे ठिपके दिसले तर तेवढी माहिती कायमची गेली.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. २००३ च्या सुमारास सीड्यांवर कागदी स्टिकर लावायची हौस मला होती. एका गिऱ्हाइकाच्या सीडीवर स्टिकर तिरका बसला. नीट लावावा म्हणून टोकाला धरून सोलला, आणि त्याच्याबरोबर चंदेरी थर निघून आला, कांद्याच्या पापुद्र्यासारखा. माझ्या एका हातात आरपार दिसणारं प्लॅस्टिक आणि दुसऱ्या हातात स्टिकरला चिकटलेलं अख्खं गणित. त्या माणसाला पैसे परत केले, सीडी मात्र परत देता आली नाही. तुमच्या सीडीवर स्टिकर असेल तर तो तिरका का असेना, राहू द्या.

मधल्या भोकाजवळ बारीक तडा असेल तर ती सीडी वेगवान ड्राइव्हमध्ये घालूच नका. ५२ पटीचा ड्राइव्ह तिला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारायला लावतो. तडा गेलेली सीडी आत फुटते आणि ड्राइव्हही घेऊन जाते.

पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधून कडेकडे सरळ. गोल गोल पुसू नका. माहिती गोल रेषेत लिहिलेली असते. त्याच दिशेने ओरखडा गेला तर लागोपाठची माहिती बुडते, आडवा ओरखडा मात्र चुका सुधारणारी यंत्रणा झाकून घेते.

टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात, खरं का?

खालच्या बाजूचे उथळ ओरखडे कमी होतात, कारण पेस्ट बारीक पॉलिशसारखी घासते. पण तो शेवटचा उपाय. आधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचून बघा. एक ड्राइव्ह जी सीडी नाकारतो ती दुसरा निमूट वाचतो, असं रोज होतं.

ड्राइव्ह खर्र खर्र करतो, दिवा लुकलुकतो, पण सीडी दिसत नाही.

आधी दुसरी चांगली सीडी घालून बघा. तीही दिसत नसेल तर ड्राइव्हचा दोष, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा लेन्सवरची धूळ. ड्राइव्ह काढून, वरचं झाकण उघडून, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून लेन्सवरून हलकेच फिरवा. लेन्स स्प्रिंगवर तरंगत असते, दाबू नका.

ड्राइव्ह बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरच, दिसत नसेल तर केबल बघा. रुंद, चपटी, ४० पिनची पट्टी. तिची लाल कडा एक नंबरच्या पिनकडे, म्हणजे बहुतेक ड्राइव्हवर वीज जोडायच्या बाजूला. एकाच पट्टीवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दोन्ही असतील तर मागच्या जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या इवल्याशा टोपणाने, एक मास्टर आणि एक स्लेव्ह करावा लागतो. दोघं मास्टर असले की सासू-सुनेच्या भांडणासारखं होतं, दोघींपैकी कोणीच जेवायला वाढत नाही.

ड्राइव्ह गेलाच असेल तर नवी पेठेतल्या दुकानात 'आयडीई डीव्हीडी रायटर' मागा, म्हणजे हीच रुंद पट्टी लागणारा. नुसतं 'सीडी ड्राइव्ह' म्हणालात तर साटा जोडणीचा देतील आणि तो जुन्या बोर्डला लागणार नाही. शक्य झाल्यास जुना ड्राइव्ह सोबतच न्या.

सीडी घातली, फिरते, पण आपोआप काही उघडत नाही.

माय कॉम्प्युटर उघडा, सीडीच्या चित्रावर राइट क्लिक करून एक्सप्लोर घ्या आणि सेटअप किंवा इन्स्टॉल नावाची फाइल स्वतः चालवा. आपोआप उघडणं ऑटोरन नावाच्या एका छोट्या फाइलवर चालतं आणि ते बंद केलेलं असलं तर बरंच. अनोळखी सीडी घालताना शिफ्ट दाबून धरा म्हणजे ती स्वतःहून काही चालवणार नाही. त्या काळात बाजारात फिरणाऱ्या कॉपी सीड्यांबरोबर व्हायरसही यायचे.

कॉपी करून ठेवली तर चालेल? कायद्याने?

चालेल नाही, करायलाच हवी, आणि इन्स्टॉल करायच्या आधी. तुमच्याकडे सीडी रीतसर विकत घेतलेली असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ नष्ट होण्यापासून संरक्षण म्हणून प्रोग्रामची बॅकअप प्रत करायला मुभा देतं. वाटायला किंवा विकायला नाही.

आता कॉपी कशी. लोक सीडीतल्या सगळ्या फाइली निवडून पेन ड्राइव्हवर टाकतात आणि "कॉपी केली" म्हणतात. ती कॉपी बऱ्याचदा चालत नाही, कारण प्रोग्राम सीडीचं नाव तपासतो. इमेज काढायला हवी, म्हणजे सीडीचा आहे तसा ठसा. इमगबर्न हा मोफत प्रोग्राम एक्सपीवरही चालतो. साधी सीडी असेल तर आयएसओ फाइल बनते. सीडीत गाण्यांचे ट्रॅकही असतील तर बिन आणि क्यू अशा दोन फाइली बनतात आणि दोन्ही जपाव्या लागतात. अशा सीडीची नुसती आयएसओ काढली तर आवाज मागेच राहतो.

खराब सीडीसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू वापरा. तो चांगला भाग आधी उचलतो, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. अर्धं काम एका ड्राइव्हवर आणि उरलेलं दुसऱ्यावर करता येतं. रात्री लावून झोपा.

एक चौकशी नेहमी येते: एवढा वेळ का लागतो? मूळ वेग सेकंदाला १५० केबी. त्या वेगाने ६५० एमबीची सीडी वाचायला ७४ मिनिटं लागतात, म्हणजे गाण्याची सीडी ऐकायला लागतात तेवढीच. खराब सीडीवर ड्राइव्ह वेग उतरवत त्या मूळ चालीवर येतो.

सेटअप म्हणतो जागा नाही. अहो, ८० जीबीची डिस्क मोकळी आहे!

म्हणूनच. जुन्या सेटअपला २ जीबीच्या पुढचं मोजता येत नाही. आकडा उलटतो आणि त्याला जागा शून्याखाली दिसते. डिस्कवर २ जीबीपेक्षा लहान पार्टिशन, म्हणजे वेगळा कप्पा, करा आणि तिथे इन्स्टॉल करा.

याचाच भाऊ विंडोज ९८ मध्ये भेटतो. ५१२ एमबीच्या वर रॅम लावली की ते 'मेमरी पुरेशी नाही' म्हणून सुरूच होत नाही. एक पट्टी काढून ठेवा. जास्त रॅम म्हणजे जास्त चांगलं, हे इथे विसरायचं.

सीडी आतच आहे आणि हा म्हणतो सीडी टाका!

एका शाळेतल्या बाई हा प्रश्न घेऊन आल्या तेव्हा खरंच रडवेल्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांची भेट होती.

"सर, तीन वेळा काढून घातली. पोरं हसायला लागली."

"बाई, पहिल्यांदा लावली तेव्हा चालली होती ना? त्यानंतर मशीनमध्ये काय बदललं?"

"काही नाही. फक्त डिस्क भरली म्हणून नवीन एक बसवून घेतली."

तिथेच होतं. आधी सीडी ड्राइव्हचं अक्षर डी होतं. नवीन हार्ड डिस्कने डी घेतलं आणि सीडी ई वर गेली. प्रोग्राम बिचारा अजून डी च्या दारात उभा. एक्सपीत माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट. तिथे हार्ड डिस्कला एफ करून सीडीला डी परत द्या. विंडोज ९८ मध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून फक्त सीडी ड्राइव्हचं अक्षर बदलता येतं, हार्ड डिस्कचं नाही. ज्या डिस्कवर विंडोज आहे तिच्या अक्षराला हात लावू नका.

बाईंचं काम दहा मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी फोन आला की ऐन वेळी लाईट गेली.

चित्र मध्ये एवढंसं दिसतं आणि रंग विटल्यासारखे.

सीडी ६४० बाय ४८० आणि २५६ रंगांसाठी बनवलेली आहे. एक्सपीत प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे २५६ रंग आणि ६४० बाय ४८० या दोन्हीवर टिक करा, वर विंडोज ९५ निवडा. विंडोज ९८ वर डिस्प्लेच्या सेटिंगमध्येच २५६ रंग मिळतात. जुना जाड मॉनिटर असेल तर टाकू नका, हे चित्र त्याच्यावर जितकं गोड दिसतं तितकं सपाट स्क्रीनवर दिसत नाही.

व्हिडिओच्या जागी काळा चौकोन येतो.

सीडीत क्विकटाइम (ॲपलचा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम) नावाचा फोल्डर शोधा आणि त्यातलाच क्विकटाइम इन्स्टॉल करा. जास्त नवा घेऊ नका. विंडोजवरचा क्विकटाइम ॲपलने २०१६ मध्ये सोडून दिला, आणि त्याच्या शेवटच्या आवृत्त्यांना १९९५ च्या सीड्यांशी बोलता येत नाही. क्विकटाइम नसेल तर व्हिडिओ बहुधा इंडिओ नावाच्या दुसऱ्या पद्धतीचा. त्यासाठी एक्सपी सोयीचं, तिथे इंडिओ विंडोजबरोबरच येतो.

चित्र हलतं, पण आवाज नाही.

स्पीकरची वायर हिरव्या भोकात आहे का ते आधी बघा. हसू नका.

मग एक साधी परीक्षा: सीडी गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये उघडा. ट्रॅक दिसले आणि दुसऱ्या ट्रॅकपासून संगीत किंवा निवेदन ऐकू आलं तर आवाज सीडीवर ऑडिओच्या रूपात आहे. त्या काळी हार्ड डिस्क लहान होत्या, म्हणून निवेदन सरळ गाण्यासारखं सीडीवर ठेवायचे आणि प्रोग्राम ड्राइव्हला 'पाचवा ट्रॅक लाव' एवढंच सांगायचा. हा आवाज प्रोसेसरमधून जातच नव्हता. ड्राइव्हच्या मागून साउंड कार्डकडे एक बारीक वायर जायची, तिच्यातून जायचा. ड्राइव्ह बदलताना ही वायर नव्वद टक्के मेकॅनिक जोडायची विसरतात. हा आकडा मोजलेला नाही, रागातून आलेला आहे. स्वतः मीही विसरलोय.

ती वायर सापडली तर बोर्डवर सीडी-इन लिहिलेल्या जागी जोडा. नाही सापडली तर एक्सपीत डिव्हाइस मॅनेजर, सीडी ड्राइव्ह, प्रॉपर्टीज, आणि तिथे डिजिटल सीडी ऑडिओ चालू करायची टिक. मग आवाज केबलच्या पट्टीतूनच येतो.

ट्रॅक एकच दिसत असेल तर आवाज साध्या वेव्ह फाइलींत आहे आणि दोष साउंड कार्डच्या ड्रायव्हरचा.

मराठीच्या जागी भलतंच काहीतरी उमटतं.

हा प्रश्न इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी नीट बघा की 'भलतंच' म्हणजे काय. तीन प्रकार असतात.

पहिला: इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यात टिंबं, छत्र्या, पौंडाची चिन्हं. याचा अर्थ सीडी युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीची आहे. तेव्हा मराठी अक्षरांचे सगळीकडे चालणारे क्रमांक वापरात नव्हते. इंग्रजी अक्षरांच्याच खणात मराठी वळणं बसवलेली असायची आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. पुण्याच्या सी-डॅकची एक, पुण्याच्याच मॉड्युलरच्या श्रीलिपीची दुसरी, आकृतीची तिसरी. तो ठरावीक फॉन्ट मशीनवर नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. उपाय: सीडीत फॉन्ट्स नावाचा फोल्डर किंवा टीटीएफ शेपटाच्या फाइली शोधा आणि कंट्रोल पॅनलमधल्या फॉन्ट्समध्ये टाका. सी-डॅकचे फॉन्ट डीव्हीबी-टीटी किंवा डीव्ही-टीटी अशा नावाने ओळखू येतात, श्रीलिपीचे श्री-देव अशा. दुसऱ्या कंपनीचा मराठी फॉन्ट टाकून उपयोग नाही. अक्षरं मराठी दिसतील, पण वाचता येणार नाहीत.

दुसरा: नुसते रिकामे चौकोन. म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आहे आणि मशीनकडे तो दाखवणारा फॉन्ट नाही. विंडोज ९८ वर याला सरळ इलाज नाही, एक्सपी घ्या.

तिसरा सगळ्यात गमतीचा. अक्षरं मराठीच, पण 'विज्ञान' असं दिसतं: व, मग त्याच्या मागे सुटी वेलांटी, ज चा पाय मोडलेला, ञ वेगळा. जोडाक्षरं जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला. एक पालक मला म्हणाले, "पोरगं असंच लिहायला लागलंय की!" एक्सपीत कंट्रोल पॅनल, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स, लँग्वेजेस. तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या फाइली बसवायची टिक रिकामी असते. ती करा. तो एक्सपीची सीडी मागेल, त्यातला आय३८६ फोल्डर दाखवा, मशीन परत चालू करा. वेलांटी मुकाट्याने जागेवर येते.

आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड सीड्याही बऱ्याच निघतात. त्यांनाही हाच हिशोब लागू.

शाळेत वीस मशीन आहेत आणि सीडी एकच.

आधी परवाना वाचा, किती मशीनवर लावायला परवानगी आहे ते. असेल तर इन्स्टॉल करताना 'फुल' किंवा 'कम्प्लीट' निवडा, म्हणजे बहुतेक माल हार्ड डिस्कवर येतो आणि सीडी फक्त सुरुवातीला लागते. तरीही मागत असेल तर प्रत्येक मशीनवर इमेज ठेवून आभासी सीडी ड्राइव्हचा प्रोग्राम वापरा. इन्स्टॉल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून करा आणि मग मुलांच्या खात्यातून एकदा चालवून बघा. पुष्कळ जुने प्रोग्राम गुण आपल्याच फोल्डरमध्ये लिहितात. मुलांच्या खात्याला तिथे लिहायची परवानगी नसली की चाचणीच्या शेवटी बंद पडतात. त्या एका फोल्डरला परवानगी द्या, सगळ्या डिस्कला नको.

सीरियल नंबर हरवला.

सीडीच्या डबीच्या आतल्या बाजूला, प्लॅस्टिकच्या ट्रेखाली बघा. ट्रे अलगद निघतो.

हे मशीन इंटरनेटला जोडू का?

नाही. एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळणं ८ एप्रिल २०१४ लाच बंद झालं. या कामाला इंटरनेट लागतही नाही.

माझ्याकडे फक्त नवा लॅपटॉप आहे.

बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह घ्या आणि एकदा इमेज काढून ठेवा. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती सीडीसारखी उघडते. २००० नंतरच्या बऱ्याच सीड्या एवढ्यावर चालतात. फ्लॅशमध्ये बनवलेल्या सीड्यांबद्दल लोक उगाच घाबरतात. २०२० अखेर फ्लॅश बंद झालं ते ब्राउझरमधलं. सीडीवर ईएक्सई करून दिलेली फ्लॅश आपला प्लेअर पोटात घेऊनच येते आणि आजही चालते.

न चालणाऱ्या सीडीसाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आत आभासी कॉम्प्युटर उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, एक्सपी बसवा. विंडोज ३.१ च्या काळातली असेल तर डॉसबॉक्समध्ये ३.१ बसवता येतं. विंडोज ९८ साठी मला ८६बॉक्स जास्त भरवशाचं वाटतं, ते जुनं मशीन सुट्या भागांसकट उभं करतं. पण त्यासाठी लॅपटॉप दमदार हवा. एवढ्या खटाटोपापेक्षा माळ्यावरचं खरं पेंटियम पुसून घेतलेलं परवडतं, असं माझं मत. दुकान माझं आहे म्हणून म्हणतो असं समजा हवं तर.

सीडी कॉपी होऊ नये म्हणून सेफडिस्कने कुलूपबंद केलेली असेल तर विंडोज १० वर ती मूळ सीडीनेही चालणार नाही. मायक्रोसॉफ्टने तो ड्रायव्हरच काढून टाकला. तिच्यासाठी एक्सपीच.

एप्रिल-मेमध्ये लावू की पावसाळ्यानंतर?

सोलापूरचा उन्हाळा चाळीसच्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. दुपारी बारा ते पाच मशीनला झोपू द्या. सीड्या पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका, विशेषतः खालून हिरवट-निळसर दिसणाऱ्या, घरी बर्न केलेल्या. त्यांच्यात रंगाचा थर असतो आणि तो उष्णतेने व उन्हाने उतरतो. छापील चंदेरी सीडी जास्त टिकते. गोदरेजच्या कपाटात, उभ्या, डबीत. रबर बँड लावून गठ्ठा करू नका.

ट्रे उघडत नाही, सीडी आत अडकली.

मशीन बंद करा, वायर काढा. ट्रेच्या दारावर टाचणीएवढं भोक दिसेल. कागदाची क्लिप सरळ करून त्यात आडवी घाला आणि हळूच ढकला, ट्रे एक बोटभर पुढे येईल. मग हाताने ओढा. असं वारंवार होत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. तो काढून दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवला, पुसून वाळवून परत लावला, की काही महिने चालतो. तेवढ्या वेळात इमेज काढून घ्या.